आठ तासांची पेटी

घड्याळजींच्या दुकानात दोन गिऱ्हाइके एकाच वेळी मावत नाहीत. दुसऱ्याने आत यायचे तर पहिल्याने पायरी उतरावी लागते. मी शाळेत गणित शिकवत होतो तेव्हापासून त्या पायरीवर संध्याकाळचा टेकत आलो आहे. निवृत्तीनंतर सकाळचाही टेकू लागलो. घड्याळजींना त्याचे काही वाटत नाही. ते डोळ्याला भिंग लावून मान खाली घालतात, आणि मी बोललो तर ऐकतात, नाही बोललो तर बरे वाटते त्यांना.

दुरुस्त झालेले घड्याळ ते लगेच कधी देत नाहीत. आठ दिवस खिळ्याला टांगून ठेवतात आणि रोज सकाळी रेडिओच्या वेळेशी ताडून पाहतात. गिऱ्हाईक वैतागते.

"चालतंय की. द्या ना."

"आज चालतंय. नवव्या दिवशी तुम्ही परत याल, ते मला नकोय."

असा माणूस. त्यांच्या हातून घाईने झालेली एकही गोष्ट मला आठवत नाही. म्हणून पुढे जे झाले ते मी पुन्हा पुन्हा तपासून पाहतो, आणि त्यात मला घाई कुठे सापडत नाही.

दुकानाच्या वर सोळा पायऱ्या चढून गेले की त्यांच्या दोन खोल्या. तिथे वहिनी असतात. तीन वर्षांपूर्वी त्यांची फुप्फुसे आखडत चालल्याचे निदान झाले आणि गेल्या वर्षापासून त्या ऑक्सिजनच्या मशीनवर आहेत. मशीन भिंतीशी घुमत असते, त्यातून निघालेली नळी वहिनींच्या नाकाशी येते. नळी चांगली वीस फूट लांब आहे, म्हणजे स्वयंपाकघरापर्यंत जाता येते, पण जिन्यापर्यंत नाही.

"दावं लांब आहे हो भावजी," वहिनी मला म्हणाल्या होत्या, "चरायला जागाच नाही."

वीज कधी अर्धा तास, कधी तासभर जायची. तेवढ्यासाठी कोपऱ्यात एक लहान सिलिंडर उभा असे. त्याला वहिनी "न बसणारा पाहुणा" म्हणत. त्याचा त्यांना रागच होता. पान्याने त्याची चावी उघडताना फुस्स आवाज यायचा आणि त्या दचकायच्या.

मग इमारतीच्या दारावर वीज कंपनीची सूचना लागली. जमिनीखालची जुनी केबल बदलायची आहे. पुढचे तीन महिने दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दहा ते दुपारी दोन पुरवठा बंद राहील. घड्याळजींनी ती सूचना वाचली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली. सिलिंडर दोन तास पुरायचा. सिलिंडरवाल्याकडे आणखी एक मागितला तर तो म्हणाला, "काका, एकालाच यादी लागलीय. दोन कुठून देऊ?" इन्व्हर्टर बसवावा तर त्याच्या बॅटरीतल्या आम्लाची वाफ वहिनींच्या खोलीत नको, असे डॉक्टरांचे म्हणणे, आणि दुसरी खोली म्हणजे स्वयंपाकघर.

त्यांच्या मुलीने फोनवरून उपाय सांगितला. ती फार लांब असते. पोर्टेबल पॉवर स्टेशन नावाची पेटी मिळते, भिंतीच्या प्लगवर भरून ठेवायची आणि वीज गेली की तिच्यावर घरातल्या वस्तू चालवायच्या. लोक रानात तंबू ठोकून राहायला जातात तेव्हा नेतात.

"तंबूतल्या माणसांची वस्तू," वहिनी म्हणाल्या. "बरोबर आहे. माझा तंबूच झालाय."

पेटी निवडायला घड्याळजींनी मला बरोबर घेतले. "तुम्ही आकडेवाले आहात," म्हणाले.

मोठ्या रस्त्यावरच्या विजेच्या वस्तूंच्या दुकानात फळीवर तीन पेट्या होत्या. एक जेवणाच्या डब्याएवढी, एक शिलाई मशीनच्या खोक्याएवढी, आणि एक चाकांची, प्रवासाच्या बॅगेसारखी. दुकानदार चाळिशीचा, बोलायला गोड.

"ही मधली कितीची?" घड्याळजींनी विचारले.

"पाचशेची, काका."

"पाचशे काय?"

"वॅट-अवर."

घड्याळजींनी माझ्याकडे पाहिले. मी मान डोलावली. शिक्षकाला मान डोलावायची फार वाईट सवय असते. समोरचा काही म्हणाला की मान आपोआप हलते. समजले का, हा प्रश्न नंतर येतो.

"मागचं झाकण उघडून बघता येईल?"

"नाही काका, सीलबंद असतं. उघडलं की वॉरंटी गेली."

घड्याळजींनी पेटी दोन्ही हातांनी उचलली आणि कानाला लावली. दुकानदार हसला. "बंद आहे, काका. आणि चालू असली तरी टिकटिक करत नाही."

"चाळीस वर्षांची खोड आहे," घड्याळजी म्हणाले आणि पेटी हळूच खाली ठेवली. मग त्यांनी त्यांच्या मते सगळ्यात महत्त्वाचे ते विचारले. "किती तास चालते?"

"आठ तास आरामात."

"आरामात म्हणजे?"

"आठ धरूनच चाला. घरीच वापरायची ना?"

"हो, घरीच."

एवढेच बोलणे झाले. मशीनचे नाव ना त्यांनी काढले, ना मी, ना दुकानदाराने विचारले. घड्याळजींच्या धंद्यात हा प्रश्न इथेच संपतो. घड्याळ एक दिवसाच्या चावीचे असते नाहीतर आठ दिवसांच्या. परत येताना रस्त्यात ते मला तेच सांगत होते. "आठ दिवसांचं घड्याळ म्हणजे आठ दिवसांचं, मास्तर. राजवाड्यात लावा नाहीतर गोठ्यात लावा. आपल्याला पाहिजेत चार तास, पेटी आहे आठची. दुप्पट झाली."

दुप्पट झाली, हे मलाही पटले.

पेटी घरी आली तरी त्यांनी तिच्यावर लगेच विश्वास टाकला नाही. रीतसर परीक्षा घ्यायची ठरली. पेटी रात्रभर भरून त्यांनी ती सकाळी दुकानात आणली आणि तिच्यावर आपला कामाचा दिवा लावला. चाळीसचा जुना पिवळा बल्ब. पांढऱ्या उजेडात त्यांना बारीक स्क्रू दिसत नाहीत. दिवा सकाळी नऊला लावला. मी दुपारी जेवून परत आलो तरी जळत होता. आठ तास पाच वाजता पूर्ण झाले. दिवा सहा वाजून दहा मिनिटांनी विझला.

"सव्वानऊ होत आले," घड्याळजी म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर मी इतके समाधान फार वर्षांनी पाहिले. "माणूस खरं बोलला."

"मशीनवर लावून बघायचं का एकदा?" मी विचारले. हे मी विचारले होते, हे मला लिहून ठेवले पाहिजे, कारण नंतर मी ते पुढे रेटले नाही.

"तिच्या नाकावर परीक्षा? घड्याळ तपासायचं ते खिळ्यावर, मास्तर. गिऱ्हाइकाच्या मनगटावर नाही."

हेही मला पटले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सिलिंडर परत केला. त्याची ठेव सुटली, ती पेटीच्या खर्चाला लागली. सिलिंडर खाली नेताना वहिनींनी त्याला हात जोडले आणि म्हणाल्या, "या आता. पुन्हा येऊ नका."

पहिल्या मंगळवारी मी पावणेदहालाच वर जाऊन बसलो होतो. तसे काही काम नव्हते, वर्तमानपत्र घेऊन गेलो होतो. दहा वाजून चार मिनिटांनी पंखा थांबला. मशीनने एक लांब शिटी दिली. घड्याळजींनी भिंतीतला प्लग काढून पेटीत घातला, बटण दाबले, आणि मशीन पुन्हा घुमू लागले. सगळ्याला मिळून दहा सेकंदही लागले नसतील.

"लागलं की तुमचं वीजघर," वहिनी म्हणाल्या.

घड्याळजी पेटीसमोर स्टूल घेऊन बसले. पेटीच्या तोंडावर एक लहान काच आहे, तीत शंभराचा आकडा होता. तो नव्व्याण्णव झाला. मग अठ्ठ्याण्णव. दिव्याच्या वेळी हा आकडा पाच-पाच मिनिटे हलत नव्हता. घड्याळजींनी खिशातून सेकंद मोजायचे घड्याळ काढले. अठ्ठ्याण्णवचे सत्त्याण्णव होताना त्यांनी बटण दाबले, शहाण्णव होताना पुन्हा दाबले. मग आणखी दोनदा. माझ्या हातातले वर्तमानपत्र घेतले आणि कडेच्या कोऱ्या जागेत काहीतरी लिहिले. मी वाकून पाहिले. चव्वेचाळीस. चव्वेचाळीस. चव्वेचाळीस.

तेव्हा मला समजले. एकतीस वर्षे मी मुलांना हौदाची आणि तोटीची उदाहरणे घातली होती. हौद किती वेळात रिकामा होईल, असा प्रश्न आला की मी फळ्यावर खडू आपटून विचारायचो, "तोटी केवढी ते आधी सांगा." दिव्याची तोटी म्हणजे दोऱ्याएवढी धार. आणि वहिनींचे मशीन हवा ओढून, दाबून, गाळून सोडते. तिथे हौदाचे बूचच काढलेले होते. पाचशेचा हौद दुकानदाराने सांगितला, मी मान डोलावली, आणि तोटी विचारली नाही.

घड्याळजींनी गुणाकार केला. उत्तर वर्तमानपत्रावर लिहिले नाही, तोंडाने म्हणाले.

"अकरा सतरा."

"काय अकरा सतरा?" वहिनींनी विचारले.

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग पेटीकडे. चाळीस वर्षे संसार केलेल्या बाईला याहून जास्त सांगावे लागत नाही.

"बंद पडणार ना?"

"हो."

"आणि वीज दोनला."

"हो."

"मग मधे मी काय करायचं?" त्यांनी हे रागाने विचारले नाही. दुधाची पिशवी आणायची राहिली तर आता चहाचे काय, असे विचारावे तसे विचारले.

दहा वाजून नऊ मिनिटे झाली होती. घड्याळजींनी फोन लावायला सुरुवात केली. पहिला सिलिंडरवाल्याला.

"काका, तुमचा सिलिंडर त्याच दिवशी दुसऱ्या पेशंटकडे गेला. गाडी बाहेर आहे. दीड वाजेपर्यंत बघतो."

दुसरा वीज कंपनीला. तिथे एक थकलेला आवाज होता. "अहो आजोबा, खाली खड्ड्यात माणसं उतरलीत. केबल त्यांच्या हातात आहे. आत्ता वीज सोडू का?"

"नको, नको," घड्याळजी घाईघाईने म्हणाले. "नका सोडू. काम चालू द्या त्यांचं." आणि उलट त्यांनीच माफी मागितल्यासारखे करून फोन ठेवला.

तिसरा फोन दुकानदाराला. त्याचा आवाज मला बाजूला बसून ऐकू येत होता. "काका, आठ तास म्हणजे पंखा, दिवा, मोबाइल. ऑक्सिजनचं मशीन साडेतीनशे वॅट खातं. तुम्ही बोललाच नाहीत त्याबद्दल." तो खोटे बोलत नव्हता. भांडायला जागा असती तर बरे झाले असते, असे मला वाटून गेले.

चौथा फोन डॉक्टरांना केला. ते म्हणाले, वाट बघू नका, रुग्णवाहिका पाठवतो, पण गावाच्या दुसऱ्या टोकाला गेलीय. तासाच्या आत येईल. रिक्षात घालून आणू का, असे घड्याळजींनी विचारले. ऑक्सिजनशिवाय सोळा पायऱ्या उतरवायच्या नाहीत, असे डॉक्टरांनी दोनदा सांगितले.

आता फोन करायला कोणी उरले नव्हते. साडेदहा झाले होते आणि काचेवर चौसष्ट होते. खोलीत मशीन नेहमीसारखे घुमत होते, वहिनींचा श्वासही नेहमीसारखा होता, खिडकीतून ऊन येत होते. बाहेरून कोणी पाहिले असते तर तीन म्हातारी माणसे निवांत बसली आहेत, असेच त्याला वाटले असते.

"मी काय म्हणते," वहिनी म्हणाल्या, "आत्ता बंद करून ठेवा. मला बरं वाटतंय. लागेल तेव्हा लावू. थोडं थोडं घेते मी, जपून."

"असं नसतं ते."

"का नसतं? तूप नाही का आपण पुरवून पुरवून खाल्लं?"

घड्याळजी उठले, स्वयंपाकघरात गेले आणि लगेच परत आले. तिथे काही काम नव्हते. त्यांनी पेटी उचलून थोडी पुढे ठेवली, पुन्हा मागे ठेवली. तिच्या मागच्या बाजूचे चार स्क्रू त्यांनी बोटाने चाचपले. आयुष्यभर बंद पडलेली वस्तू कोणी समोर आणली की त्यांनी ती उघडली होती. ही बंद पडलेली नव्हती, चांगली चालत होती, आणि तिच्या पोटात काय चालले आहे ते त्यांना दिसत नव्हते.

"बसा हो जरा," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या येरझाऱ्यांनीच मला धाप लागेल."

ते बसले. मी खिडकीत उभा राहून रस्ता पाहत होतो. खाली इस्त्रीवाला कोळशाची इस्त्री फिरवत होता. त्याला विजेशी देणेघेणे नव्हते. घड्याळजी आकडा मोठ्याने म्हणत नव्हते, पण वहिनींनीच मधूनमधून विचारले. "किती?" "तीस." मग थोड्या वेळाने, "किती?" "अकरा."

पेटी अकरा सतराला बंद पडली नाही. अकरा पंधरालाच पडली. शेवटचे तीन आकडे तिने एकदम टाकले. दोन मिनिटांची चूक. घड्याळजींनी हातातल्या घड्याळाकडे पाहिले आणि ते पलंगावर ठेवून दिले.

मशीनची शिटी वाजली, मग तीही थांबली. पुढची सहा मिनिटे मी जास्त लिहिणार नाही. वहिनी पुढे वाकून, दोन्ही तळवे गुडघ्यांवर टेकून बसल्या, डॉक्टरांनी शिकवले होते तशा. ओठ मिटून हळू श्वास सोडत होत्या. त्यांची नखे निळसर होऊ लागली. घड्याळजी समोर जमिनीवर बसले होते आणि वर्तमानपत्राने वारा घालत होते. वाऱ्याने काही होत नाही हे त्यांना माहीत होते, मला माहीत होते. वहिनींनाही माहीत असावे, कारण त्यांनी एकदा डोळे उघडून मानेनेच नको म्हटले. तरी ते थांबले नाहीत. थांबून दुसरे काय करणार होते?

अकरा एकवीसला जिन्यात बुटांचे आवाज आले. रुग्णवाहिकेची दोन माणसे खांद्यावर सिलिंडर घेऊन वर आली.

वहिनी रुग्णालयात पाच दिवस होत्या. तिथे ऑक्सिजन भिंतीतूनच येतो. त्या सावरल्या. सहाव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, घरी न्या, पण मंगळवार-शुक्रवारची सोय झाल्याशिवाय नाही.

आम्ही पुन्हा त्या दुकानात गेलो. या खेपेला घड्याळजींनी मशीनच्या मागची माहितीची पट्टी कागदावर जशीच्या तशी उतरवून नेली होती, कंपनीच्या पत्त्यासकट. दुकानदाराने खुर्ची दिली, पाणी दिले. त्यालाही वाईट वाटले होते. कागद पाहून त्याने चाकांच्या पेटीवर हात ठेवला.

"ही तुमच्या मशीनला तीन तास. फार तर सव्वातीन."

"वीज चार तास जाते."

"मग अशा दोन लागतील. चार म्हणतात आणि कधी पाच घेतात ते."

दोन घेणे घड्याळजींच्या आवाक्यातले नव्हते. मुलीने फोनवर एक मी घेते म्हटले होते. मी म्हणालो, "एक ही आणि आपली पहिली. तीन आणि सव्वा, चार तास होतात."

"होतात," घड्याळजी म्हणाले. "कागदावर होतात." मग फक्त मला ऐकू येईल असे म्हणाले, "मास्तर, परवाही होतच होते. आता कोणी चार म्हटलं की मला चार कळतच नाहीत. मी तिला पुन्हा त्या खुर्चीवर बसवून समोर आकडे मोजू शकत नाही."

आम्ही काही न घेता परत आलो. सिलिंडरवाल्याच्या यादीत त्यांचे नाव सतरावे लागले.

शेवटी सोय झाली ती अशी. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी साडेनऊला वहिनींना खुर्चीत बसवून खाली आणायचे. दोन बाजूंना मी आणि इस्त्रीवाला, मागून घड्याळजी पेटी आणि मशीन घेऊन. रिक्षाचा वीस मिनिटांचा रस्ता पेटीवर निघतो. रुग्णालयात खाट मिळत नाही. खाटा आजारी माणसांना पुरत नाहीत, आणि वहिनी त्यांच्या हिशेबी आजारी नाहीत. डॉक्टरांनी बाह्यरुग्ण विभागाच्या व्हरांड्यात बसायची परवानगी दिली आहे. तिथे बाकाच्या मागे भिंतीत एकच प्लग आहे. तो थंड पाण्याच्या टाकीचा. टाकीचा प्लग काढायचा आणि मशीनचा लावायचा. दुकान त्या दिवशी बंद.

काल शुक्रवारी मीही गेलो होतो. लोक पेला घेऊन यायचे, नळ सोडायचे, घोट घेऊन तोंड वाकडे करायचे, आणि मग नजर वायरीच्या मागोमाग वहिनींपर्यंत यायची.

"असं बघतात," वहिनी म्हणाल्या, "जसं काही मीच त्यांचं गार पाणी पिऊन टाकलंय."

घड्याळजी प्लगला हात लावून बसले होते. तो ढिला आहे, आपोआप खाली सरकतो. बोलतानाही त्यांनी हात काढला नाही. दोन वाजले तसे मी इस्त्रीवाल्याला फोन लावला.

"नाही आली अजून," तो म्हणाला. "खड्डा उघडाच आहे. माणसं जेवायला गेलीत."

मी ते सांगितले. वहिनींनी डोळे मिटून घेतले. सफाईच्या मावशी बादली घेऊन आल्या आणि टाकीपाशी उभ्या राहिल्या.

"आजोबा, दोन वाजले. सगळे माझ्या नावानं ओरडतायत. प्लग सोडा आता."

"थोडा वेळ, मावशी."

"थोडा म्हणजे किती?"

घड्याळजी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिले.

"ते मला नाही सांगता येणार," ते म्हणाले.